आधी पाकीट दाखवा

गेल्या वर्षी ७ जानेवारीला सकाळी साडेसहाला सासूबाईंच्या आंघोळीसाठी गीझरचं बटण दाबलं आणि घरभर अंधार झाला. आधी वाटलं, वीज गेली. पण समोरच्यांच्या खिडकीत उजेड होता. जिन्याखालच्या बोर्डापाशी टॉर्च घेऊन गेले, तर ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, खाली पडलेला. गीझर बंद ठेवून तो वर केला, टिकला. गीझर लावला, पुन्हा खाली. तिसऱ्यांदा करून बघायची गरजच नव्हती.

बाहेर धुकं इतकं दाट होतं की गल्लीच्या टोकाचं मारुतीचं देऊळ दिसत नव्हतं. सासूबाई अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या. आंघोळ झाल्याशिवाय देवाला हात लावत नाहीत आणि देवपूजा झाल्याशिवाय चहा घेत नाहीत. त्या दिवशी गॅसवर मोठ्या पातेल्यात पाणी तापवलं आणि यांनी ते दोन खेपांत न्हाणीघरात नेलं. यांचा गुडघा आधीच दुखरा. पुढचे पाच दिवस हेच चाललं.

पुण्या-मुंबईच्या वाचकांना ग्वाल्हेरच्या थंडीचा नेमका अंदाज नसतो. आमच्याकडे जानेवारीत पारा तीन-चार अंशांवर उतरतो, सकाळी दहापर्यंत ऊन दिसत नाही, आणि गच्चीवरच्या टाकीतलं पाणी नळातून येतं तेव्हा बोटं बधिर होतात. गीझर आणि खोलीतला हीटर या गोष्टी इथे चैनीच्या नाहीत. घरात म्हातारं माणूस असेल तर त्या औषधाइतक्या गरजेच्या आहेत. बिघडल्या तर दुरुस्त करायलाच लागतात, आणि त्याच दिवसांत सगळ्या गावाच्या बिघडतात.

कंपनीच्या नंबरवर फोन केला. तिसऱ्या दिवशी माणूस आला. काम त्याला चांगलं येत होतं, हे मी आधीच सांगते. त्याने गीझरच्या तारा सुटवल्या, मीटर लावला आणि दहा मिनिटांत सांगितलं की एलिमेंट, म्हणजे पाणी तापवणारा भाग, गेलाय, बॉडीला करंट येतोय, म्हणून ट्रिप होतंय. निदान अगदी बरोबर. मग त्याने खर्च सांगितला. ४५० रुपये भेटीचे, २,६५० रुपये एलिमेंट असेंब्लीचे, ३८० रुपये सेफ्टी व्हॉल्व्हचे. एकूण ३,४८०.

हा पंचवीस लिटरचा गीझर आम्ही २०१९ साली ग्वाल्हेरच्या मेळ्यात ७,२०० रुपयांना घेतला होता. म्हणजे एक भाग बदलायला निम्म्याच्या जवळपास पैसे. मी विचारलं, फक्त एलिमेंट बदलता येणार नाही का? तो म्हणाला, "एलिमेंट अलग से नहीं आता मैडम, पूरी असेंबली आती है." म्हणजे एलिमेंट, पाणी पुरेसं तापलं की वीज तोडणारा थर्मोस्टॅट, गॅस्केट, आणि हे सगळं ज्याच्यावर बसवलेलं असतं तो लोखंडी फ्लँज. आमचा थर्मोस्टॅट चांगला होता. फ्लँजलाही काही झालेलं नव्हतं. तरी तेही विकत घ्यायचं.

मी चौतीस वर्षं एजी ऑफिसात, म्हणजे महालेखापालांच्या कार्यालयात, ऑडिटमध्ये काम केलं. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी सवय गेलेली नाही. रक्कम मोठी आहे का लहान, यापेक्षा तिच्यामागे कागद आहे का, हे मी आधी बघते. त्या मुलाने असेंब्ली बॅगेतून काढली ती वर्तमानपत्रात गुंडाळलेली होती. मी म्हटलं, याचं पाकीट कुठे आहे? पाकिटाशिवाय मी पैसे देणार नाही. पॅक केलेल्या वस्तूवर बनवणाऱ्याचं नाव, महिना-वर्ष आणि सगळे कर धरून कमाल किंमत छापलेली असली पाहिजे, असा २०११ सालचा वैधमापनाचा, म्हणजे वजन-मापांच्या कायद्याचा, नियम आहे. बिस्किटाच्या पुड्याला जो नियम आहे, तोच गीझरच्या एलिमेंटला.

तो मुलगा गोंधळला. त्याच्यावर मी आवाज चढवला नाही. त्याला जे सांगून पाठवलेलं असतं, तेच तो सांगतो. त्याने सुपरवायझरला फोन लावून दिला. सुपरवायझर आधी म्हणाले की पाकीट गोदामात राहिलं. मी म्हटलं, मग उद्या पाकिटासकट पाठवा, आम्ही एक दिवस आणखी पातेल्यात पाणी तापवू. सासूबाई आतून ऐकत होत्या. मी फोन ठेवल्यावर एवढंच म्हणाल्या, "बरं केलंस."

दुसऱ्या दिवशी पाकीट आलं. त्यावर किंमत होती १,९४० रुपये.

सांगितलेले २,६५० आणि छापलेले १,९४०. मधले ७१० रुपये कसले, असं विचारलं तर उत्तर मिळालं की हँडलिंग आणि फिटिंग. पण फिटिंग तर ४५० रुपयांत धरलेलं होतं, तसं त्यांच्याच कागदावर लिहिलेलं होतं. आणि सेफ्टी व्हॉल्व्ह? तो काढून, दाबून बघितला, नीट चालत होता. शेवटी बिल झालं २,३९० रुपयांचं, तेही कलमवार, जीएसटी नंबरासकट. १,०९० रुपये वाचले. कोणाशी भांडण न करता, फक्त एक पाकीट मागून.

पण मला लिहायचं आहे ते या १,०९० रुपयांबद्दल नाही. ती लबाडी होती, ती पकडता येते. मला छळतोय तो पाकिटावर छापलेला, अगदी कायदेशीर असा १,९४० चा आकडा.

मधल्या एका दिवशी मी नया बाजारात गेले होते. तिथे गीझर, मिक्सर, पंखे यांचे सुटे भाग विकणारं एक जुनं दुकान आहे. दुकानदारांनी समोर काचेवर तीन वस्तू ठेवल्या. दोन हजार वॅटचा तांब्याचा एलिमेंट ४२० रुपये, थर्मोस्टॅट १६०, रबरी गॅस्केट २०. झाले सहाशे. मी त्यांना विचारलं की या एलिमेंटमध्ये असतं तरी काय, आणि त्यांनी एक जळका एलिमेंट पक्कडीने तोडून दाखवला. आत नायक्रोमची बारीक गुंडाळलेली तार. तिच्याभोवती खच्चून भरलेली मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी पूड, जी उष्णता बाहेर जाऊ देते पण वीज जाऊ देत नाही. आणि वरून धातूची नळी. महागाच्या गीझरमध्ये नळी इन्कोलॉयची असते, म्हणजे निकेल, लोखंड आणि क्रोमियम यांच्या मिश्रधातूची. ती जास्त टिकते. बाकी रचना तीच.

नळीला बारीकशी चीर गेली की पाणी आत शिरतं, ती पूड ओलावा धरते आणि वीज गीझरच्या अंगात उतरते. आमचा ईएलसीबी पडत होता तो म्हणून. तो पडत होता हे आमचं नशीब. २०१६ मध्ये घराचं वायरिंग बदलताना यांनी हट्टाने बसवून घेतला होता, तेव्हा मीच खर्चाबद्दल कुरकुर केली होती. तुमच्या घरी नसेल तर बाकीचं सगळं बाजूला ठेवा आणि आधी तो बसवून घ्या.

मग सहाशे रुपयांत काम का केलं नाही? कारण बसत नव्हतं. आमच्या कंपनीच्या फ्लँजची भोकं बाजारातल्या कुठल्याच फ्लँजशी जुळत नाहीत. पाच बोल्ट, आणि तेही सारख्या अंतरावर नाहीत. तसाच दिसणारा एक माल दुकानात होता ७५० रुपयांना. पण त्याच्या पाकिटावर ना बनवणाऱ्याचं नाव होतं ना वॅट लिहिलेले. दुकानदारांनीच तो मागे सारला. "माताजी नहाएँगी ना? तो ये मत लगवाइए. कंपनी का ही लीजिए, भले महँगा पड़े." विकणाऱ्यानेच असं सांगितल्यावर मी काय बोलणार? त्यांना मनापासून नमस्कार करून परत आले.

पाकिटावरचा आकडा कळल्यावर मी हिशेब केला. चांगल्या धातूचे, नीट तपासणीचे जास्त पैसे द्यायला माझी ना नाही. सहा वर्षांपूर्वीच्या मॉडेलचा भाग कुठल्यातरी गोदामात सांभाळून ठेवावा लागतो, त्याला जागा लागते, पैसा अडकतो, हेही मला कळतं. पण या दोन्हींनी सहाशेचे १,९४० होतात का? तपासनीस म्हणून माझं उत्तर आहे की नाही. उरलेले पैसे त्या पाच भोकांचे आहेत. ती भोकं अशी पाडली आहेत की मी दुसरीकडे जाऊच शकू नये. भोकं सारख्या अंतरावर पाडली असती तर गीझर जास्त चांगला किंवा जास्त वाईट चालला असता असं नाही. तेवढ्यावरून माझ्याकडून वरचे हजार रुपये घेतले जातात, आणि गल्लीतल्या मिस्त्रीचं काम जातं.

हे फक्त माझ्या मनाचं आहे असं कुणाला वाटेल म्हणून सांगते. गाड्यांच्या बाबतीत हाच प्रश्न भारतीय स्पर्धा आयोगापुढे आला होता. कंपन्या अस्सल सुटे भाग बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नाहीत, अशी तक्रार होती. ऑगस्ट २०१४ मध्ये आयोगाने १४ कारकंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. पुढे अपिलं झाली, रकमेवर वाद झाले, ते वेगळं. पण गाडी विकल्यावर तिचे भाग फक्त आपल्याच हाती ठेवणं गैर आहे, हे अधिकृतपणे म्हटलं गेलं. गीझरवाल्यांना हे कोणी कधी म्हणणार?

आता टाकी उघडल्यावर काय दिसलं ते सांगते, कारण ते सगळ्यांच्या कामाचं आहे.

असेंब्ली खाली ओढली तशा तिच्याबरोबर पांढऱ्या-तपकिरी खपल्या पडायला लागल्या. खाली तसराळं धरलं होतं, ते भरलं. आमच्याकडे नळाला तिघऱ्याच्या धरणाचं पाणी येतं, पण ते कमी पडतं तेव्हा बोअरचं मिसळावं लागतं, आणि बोअरचं पाणी भयंकर जड. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. तो सगळा क्षार तापलेल्या एलिमेंटवर बसतो. त्याचा थर जाड झाला की आतली उष्णता पाण्यात जायला अडते आणि एलिमेंट स्वतःच नको इतका तापतो. गंमत अशी की पाणी तरीही जवळपास तेवढ्याच वेळात तापतं. पंचवीस लिटर पाणी दहा अंशांवरून साठावर न्यायला दोन हजार वॅटला पाऊण तास लागतो, आमच्याकडे तो शेवटच्या दिवसापर्यंत तेवढाच लागत होता. म्हणून आत काय चाललंय याचा पत्ताच लागत नाही. एक दिवस नळी तडकते तेव्हाच कळतं.

आणि त्या खपल्यांमध्ये एक गंजल्यासारखी काळपट तार होती, वीतभर लांब. मी विचारलं, ही काय? मुलगा म्हणाला, ही अ‍ॅनोड रॉड. म्हणजे होती. मॅग्नेशियमची बोटाएवढी जाड सळई असते ती. पाणी टाकीचं लोखंड खायला बघतं, ही सळई मध्ये पडते आणि आधी स्वतः झिजते. ती आहे तोवर टाकी शाबूत. ती संपली की पाणी टाकीकडे वळतं. जड पाण्याच्या गावी दर वर्षी-दोन वर्षांनी ती काढून बघायला हवी, निम्म्याहून जास्त झिजली असेल तर बदलायला हवी. किंमत ३४० रुपये. आमची सहा वर्षांत कुणी बघितलीच नव्हती. ती कधीच संपली होती, नुसती मधली तार उरली होती.

हे मला फार लागलं. वॉरंटी कार्ड काढून बघितलं, तर सहाव्या पानावर बारीक अक्षरांत लिहिलेलं आहे. चूक माझीही आहे, दुसऱ्यांचे कागद आयुष्यभर वाचले आणि घरचा वाचला नाही. पण विकताना टाकीच्या वॉरंटीचा मोठा आकडा तोंडाने सांगतात, तेव्हा ३४० रुपयांच्या सळईचं एक वाक्य सांगायला काय हरकत आहे? टाकी गेली असती तर अख्खा गीझर गेला असता. टाकी बदलायला जे पैसे सांगतात त्यात नवा गीझर येतो. नवी सळई त्याच दिवशी बसवून घेतली, तिचे ३४० वेगळे दिले, पाकीट बघून.

जुना एलिमेंट मी मागून घेतला. तो आमचा आहे, आम्ही त्याचे पैसे दिलेले आहेत. तो परत न्यायची त्यांची पद्धत आहे, पण मागितला तर मिळाला. माळ्यावरच्या डब्यात ठेवलाय.

सासूबाईंच्या लग्नात पुण्याच्या तांबट आळीतून आलेला तांब्याचा बंबही त्याच माळ्यावर आहे. खपल्यांचं तसराळं त्यांना दाखवायला नेलं, तेव्हा त्यांनी बंबाची आठवण काढली. तोटी गळायला लागली की सराफ्यामागचा एक तांबट घरी यायचा, मोजमाप घेऊन जायचा आणि चार दिवसांनी नवी तोटी आणून डाख देऊन बसवायचा. खालची जाळी जळली की लोहाराकडून दुसरी करून आणायची. कुठल्या कंपनीचा बंब, कुठलं मॉडेल, हे कुणी विचारत नसे. मी काही बंबाचे दिवस परत आणा म्हणत नाही. पहाटे उठून ढलप्या पेटवून डोळ्यांत धूर घ्यायचं काम घरातल्या बायकांचंच होतं, आणि सासूबाईंनी ते तीस वर्षं केलंय. गीझर आला तेव्हा त्यांनी त्याला हळदकुंकू वाहिलं होतं. पण त्या तोटीची गोष्ट डोक्यातून जात नाही. वस्तू जिच्या घरी, तिला त्या वस्तूचा भागही हवा तिथून करून घेता येत होता.

गीझर झाला आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात सासूबाईंच्या खोलीतला तेलाचा हीटर बंद पडला. नऊ पात्यांचा, २०२० च्या हिवाळ्यात ८,९०० रुपयांना घेतलेला. कंपनी वेगळी. फिरवायचं बटण, ज्याने कमी-मध्यम-जास्त करतात, ते आतून जळलं होतं, वास येत होता. बाकी हीटर ठणठणीत. या हीटरमधलं तेल बंद पात्यांमध्ये कायमचं भरलेलं असतं, ते जळत नाही, संपत नाही, नव्याने भरावं लागत नाही. त्यामुळे बिघडण्यासारखं फार कमी असतं. खाली एलिमेंट, वर थर्मोस्टॅट, एकदोन स्विच, आणि हीटर आडवा पडला तर वीज तोडणारा एक छोटा स्विच. बस्स.

कंपनीने सांगितलं की हे मॉडेल बंद झालंय, त्याचा स्विच मिळणार नाही, जुना हीटर द्या, नव्यावर सवलत देऊ. पाच हिवाळेही पुरते झाले नव्हते. दहा-बारा किलोंची धड वस्तू, आणि एका स्विचसाठी भंगारात! मी विचारलं, हे लेखी द्याल का? फोनवरच्या मुलीने सांगितलं की तशी पद्धत नाही. मग मी १९१५ वर फोन केला, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर. तक्रार नोंदवून घेतली, नंबर मिळाला, आणि अकराव्या दिवशी कंपनीचं पत्र ईमेलने आलं की या मॉडेलचे भाग आता ठेवले जात नाहीत. स्विच मिळाला नाहीच. पण लेखी मिळालं. आमच्या खात्यात म्हणायचे, जे लिहिलेलं नाही ते घडलेलंच नाही. निदान हे घडलंय याची नोंद झाली.

डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक खात्याने 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती, सुटे भाग, त्यांच्या किमती, सेवाकेंद्रं हे सगळं तिथे एका जागी द्यावं असा हेतू. चांगलं पाऊल आहे, आणि मी ते मनापासून चांगलं म्हणते. फक्त माझ्या पाच भोकांच्या फ्लँजची किंमत मला तिथे सापडली नाही. मी दोन संध्याकाळी शोधली.

हीटर शेवटी हजिऱ्याच्या एका मिस्त्रींनी दुरुस्त केला. साठीचे गृहस्थ, पूर्वी इथल्या कापडगिरणीत इलेक्ट्रिशियन होते. त्यांनी जळका स्विच उलगडून बघितला, कोणती तार कुठे जाते ते माझ्याच वहीत पेन्सिलने काढलं, आणि तसाच चार कड्यांचा, सोळा अ‍ॅम्पिअरचा स्विच बाजारातून १३० रुपयांत आणला. कंपनीने दहा अ‍ॅम्पिअरचा लावला होता, म्हणून जळला, असं त्यांचं म्हणणं. जळलेल्या तारांच्या जागी काचेच्या धाग्याची स्लीव्ह असलेल्या, उष्णता सोसणाऱ्या तारा घातल्या. मग हीटर चालू करून मुद्दाम आडवा केला, वीज लगेच तुटते का ते बघायला. तुटली. पुन्हा उभा करून परत एकदा बघितलं. मजुरी घेतली २५० रुपये. मी तीनशे दिले तर पन्नास परत केले. तो हीटर आज, हे लिहिताना, सासूबाईंच्या पलंगाजवळ चालू आहे.

सगळे असं करू शकणार नाहीत, आणि कुठल्याही मिस्त्रीकडून करून घ्यावं असंही मी म्हणणार नाही. विजेचा आणि पाण्याचा संबंध आला की माणूस जाणता हवा. पण जाणता माणूस गावात आहे. त्याला भाग मिळत नाही, तारांचा नकाशा मिळत नाही.

मुलगी इंग्लंडात लीड्सला असते. तिला हे सगळं सांगत होते, तर तिचं आणखी वेगळंच. तिकडे एकच गॅसचा बॉयलर नळाला गरम पाणी देतो आणि घरभरच्या रेडिएटरनाही. डिसेंबरात तो बंद पडला. आतलं सर्किट बोर्ड गेलं होतं. बोर्डावरचा एखादाच तुकडा गेलेला असतो, पण बदलायचं अख्खं बोर्ड, आणि तेही त्या बॉयलरच्या कंपनीचंच. मजुरीसकट ४८० पौंड. तिथे गॅसच्या उपकरणाला गॅस सेफ रजिस्टरमध्ये नाव असलेल्या माणसानेच हात लावायचा असा कायदा आहे, आणि तो योग्यच आहे, गॅसचा धूर घरात कोंडला तर माणूस झोपेत जातो. म्हणजे मजुरी महाग असण्याला कारण आहे. बोर्ड महाग असण्याला काय कारण आहे, असं तिने त्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, दुसरं बसत नाही म्हणून. इतक्या दूरच्या देशात, नया बाजारातलंच उत्तर.

परवा मेळ्यात गेलो होतो. ग्वाल्हेरचा मेळा माधवराव शिंदे महाराजांनी १९०५ साली सुरू केला, आणि आमच्या घरातली निम्मी यंत्रं तिथूनच आलेली आहेत. भाची थाटीपूरला नवं घर मांडतेय, तिला गीझर घ्यायचा होता. चार दुकानांत मी एकच प्रश्न विचारला. या गीझरचा एलिमेंट बदलायचा झाला तर किती रुपये, आणि अ‍ॅनोड रॉड किती? पहिल्या दुकानात म्हणाले, काकू, पाच वर्षं काही होत नाही. दुसऱ्यात सांगितलं की सर्व्हिसवाल्यांना विचारा. तिसऱ्यात विक्रेत्याला अ‍ॅनोड रॉड म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. चौथ्या दुकानात पंचविशीची एक मुलगी होती. तिने थांबायला सांगितलं, गोदामात फोन लावला, दहा मिनिटं कुणाकुणाशी बोलली, आणि मग वॉरंटी कार्डाच्या मागे स्वच्छ अक्षरात लिहून दिलं. एलिमेंट १,४५०, थर्मोस्टॅट ३८०, अ‍ॅनोड ३१०, गॅस्केट ४०. एलिमेंट सुटा मिळतो का? मिळतो. खाली सही आणि दुकानाचा शिक्का.

पहिल्या दुकानापेक्षा इथला गीझर सहाशे रुपयांनी महाग होता. भाचीने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, हाच घे.

त्या मुलीला मी विचारलं की असं कुणी विचारतं का? ती म्हणाली, या सीझनला तुम्ही पहिल्याच. मग थोडं थांबून म्हणाली की त्या किमतींची यादी मागवून ती आता काउंटरवर काचेखाली लावून ठेवणार आहे, मालक हो म्हणाले तर. मी मालकांनाही भेटून आले.

आमच्या गीझरच्या सळईला या महिन्यात वर्ष पूर्ण होतंय. कालनिर्णयावर रविवारच्या चौकोनात 'सळई बघणे' असं लिहून ठेवलंय. हजिऱ्याचे मिस्त्री सकाळी दहाला येणार आहेत, सासूबाईंची आंघोळ आटोपल्यावर.